सोळा मिलिमीटरची पिन

“पृथ्वी सोडली तर या जगात जे जे म्हणून नीट गोल आहे, ते ते लेथवर झालेलं आहे. आणि पृथ्वीसुद्धा मापात घेतली तर नापास होईल.”

हे वाक्य आमचे शेजारी बद्रीनाथराव यांनी आपल्या गेटात उभं राहून, डावा हात उंचावून उच्चारलं. उजवा हात त्यांना उंचावता येत नव्हता. त्या हातानं त्यांनी गेट धरलं होतं. सोडलं असतं तर ते त्यांच्या पायावर आलं असतं.

गेटच्या वरच्या बिजागरीची पिन झिजली होती. सहा महिन्यांपूर्वी बद्रीनाथरावांनी ती मायक्रोमीटर लावून तपासली, नापास केली आणि गेटला लाल टॅग बांधला. पुढं काही झालं नाही. नापास करणं हे त्यांचं काम होतं, दुरुस्ती दुसऱ्या खात्याकडं असे. घरात दुसरं खातं नव्हतं. शेवटी त्यांच्या पत्नी द्वारकाबाईंनी गेट तारेनं खांबाला बांधलं. तेव्हापासून येणारा-जाणारा प्रत्येक माणूस आधी तार सोडतो, मग गेट उचलून कडेला करतो, मग आत येतो आणि चहाच्या आधी पाणी मागतो.

बद्रीनाथराव मूळ फुलंब्रीचे. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं तपासणी खात्यात काढली. टर्नरनं लेथवर जॉब करायचा, म्हणजे लोखंडाचा तुकडा फिरवत फिरवत मापात कापायचा, आणि बद्रीनाथरावांच्या टेबलावर आणून ठेवायचा. मग पाठीमागं हात बांधून उभं राहायचं. बद्रीनाथराव चष्मा पुसत, माप घेत, आणि बहुतेक वेळा लाल टॅग काढत. टॅगवर तीन रकाने होते. चुकीचं कारण, ऑपरेटरचं नाव, आणि अगदी खाली डेव्हिएशन. पहिल्या रकान्यात ते कायम ‘ऑपरेटरची चूक’ असं लिहीत. डेव्हिएशन म्हणजे कारखान्यातली एक सोय असते. जॉब मापात किंचित चुकलाय, पण काम अडणार नाही, तर तपासनिसानं तिथं सही करायची आणि चालवून घ्यायचं. बद्रीनाथरावांनी एकतीस वर्षांत ती सही एकदाही केली नाही. त्यांच्या लग्नातही मुहूर्त चार मिनिटांनी टळला तेव्हा त्यांनी भटजींकडं कारण लेखी मागितलं होतं, असं द्वारकाबाई सांगतात.

ते रिटायर झाले त्या दिवशी त्यांच्याबरोबर बुद्धभूषण नावाचे टर्नरही रिटायर झाले. निरोप समारंभ एकच ठेवला होता. बद्रीनाथरावांनी भाषणात सांगितलं, “मी आयुष्यात एकही चुकीचा जॉब पास केला नाही.” टाळ्या झाल्या. नंतर बुद्धभूषण उठले. त्यांनी माइक हातात घेतला आणि नम्रपणे एवढंच म्हटलं, “साहेब बोलले ते खरंय. साहेबांनी चुकीचा जॉब पास केला नाय. बरोबरचा पण कधी केला नाय.”

टाळ्या जास्त झाल्या.

हे वाक्य बद्रीनाथरावांना लागलं. घरी येऊन त्यांनी शाल कपाटात ठेवली, नारळ देवापुढं ठेवला, आणि वाक्य मात्र कुठं ठेवावं ते त्यांना सुचेना. सकाळी फिरायला निघालं की ते बरोबर यायचं. मला वाटलं, महिन्या-दोन महिन्यांत विसरतील. पण आठव्या महिन्यात त्यांनी रिटायर लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, जिथं एरवी सुविचार आणि गुडघ्यांचं तेल येतं, जाहीर केलं: खंडेनवमीच्या दिवशी मी माझ्या घरी, माझ्या लेथवर, माझ्या हातानं एक पिन करीन. जाडी सोळा मिलिमीटर, फरक एक शतांश वर किंवा खाली. म्हणजे केसाच्या जाडीहून पुष्कळ कमी. मन लावलं तर माप जमतं, म्हणजे मी नापास केलेले जॉब खरंच चुकलेले होते, एवढं दाखवायचं आहे. तपासणी बुद्धभूषण करतील. पिन नापास झाली तर त्यांचं त्या दिवशीचं वाक्य खरं, असं याच ग्रुपवर लिहून देईन.

ग्रुपात एकशे बेचाळीस माणसं. त्यातल्या एकशे चाळीस जणांनी अंगठा दिला. उरलेले दोघे म्हणजे बद्रीनाथराव आणि बुद्धभूषण.

आता फक्त लेथ घ्यायचा राहिला होता. इथं एक अडचण निघाली. लेथवरून उतरलेला जॉब बद्रीनाथरावांना कळत होता, लेथ कळत नव्हता. खूप विचार करून त्यांनी एक फोन लावला.

“बुद्धभूषण, लेथ बघायला येता का बरोबर?”

पलीकडं आधी टीव्हीचा आवाज बंद झाला.

“म्हणजे साहेब,” बुद्धभूषण म्हणाले, “तुमी मला खोटं पाडणार, आन त्याचं मशीन पण मीच निवडून द्यायचं.”

“तुमच्याशिवाय कुणाला कळतंय?”

“हे येक वाक्य एकतीस वर्षांत येकदा बोलले असते ना, तर आज हा खर्चच झाला नसता. या. रविवारी मोकळा हाय.”

गाडी माझी होती, म्हणून मीही होतो.

पहिल्यांदा आम्ही जालना रोडच्या एका चकचकीत दुकानात गेलो. तिथं टेबलावर मावणारा निळा लेथ होता, घरगुती विजेवर चालणारा, शिलाई मशीनपेक्षा थोडा मोठा. बद्रीनाथरावांनी पिशवीतून बारीकसा फरकही काट्यावर दाखवणारा डायल काढला, चकला लावला आणि काटा बघायला लागले. चक म्हणजे जॉब धरून फिरवणारी मूठ. बुद्धभूषणांनी काहीच काढलं नाही. त्यांनी टूल, म्हणजे कापायचं हत्यार, धरायच्या खांबाला अंगठा लावून जरा रेटलं.

“दबतंय साहेब. याच्यावर उदबत्तीचं घर करा. पिन नाय व्हायची.”

बद्रीनाथरावांनी वहीत नोंद केली, पिशवीतून लाल टॅग काढला आणि सवयीनं त्या मशीनच्या हॅन्डलला बांधला. आम्ही निघालो. दुकानदार आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आला आणि त्यानं तिघांना पेढे दिले. तो इतका भला का वागला, ते दुसऱ्या दिवशी कळलं. त्या दुकानात लाल टॅग बुक झालेल्या मालाला लावत. पुढं पंधरा दिवस त्याचे फोन येत होते, “काका, तुमचं मशीन बाजूला काढून ठेवलंय.”

दुसरा लेथ चिकलठाण्याला एका वर्कशॉपमध्ये. साडेसहा फुटी. हा बद्रीनाथरावांना मनापासून आवडला. डायलचा काटा हलेना. ते त्याच्या भोवती तीन फेऱ्या मारून आले.

“पार्किंगमध्ये बसेल,” ते म्हणाले.

“बसंल की,” बुद्धभूषण म्हणाले. “स्कूटर रस्त्यावर लावायची, वैनींची तुळस गच्चीवर न्यायची, आन मीटरवाल्याला बोलवून थ्री फेज घ्यायची. मग वैनी तुमाला पण रस्त्यावर लावतील.”

“मला अचूकता पाहिजे.”

“साहेब, तुमाला पिन करायचीय. रेल्वेचं चाक नाय. घराला केवढं पाहिजे ते बघा. तीन फुटी, सिंगल फेज मोटार बसंल असं, आन वजनाला दणकट. हलकं मशीन थरथरतं. थरथरलं की जॉबवर लाटा येतात, ते तर तुमाला माहीतच हाय, लाटांवर तुमी माझे लई जॉब बुडवले.”

तिसरा लेथ रेल्वे स्टेशनजवळच्या जुन्या बाजारात. दुकानदार म्हातारे, पांढरी दाढी, पुढ्यात चहा. मशीन बरं होतं. बद्रीनाथरावांनी दोन तास मापं घेतली, मग चष्मा काढून विचारलं, “ही अचूकता पाच वर्षं राहील असं लेखी द्याल का?”

म्हाताऱ्यानं बशीतला चहा संपवला. “साब, हम लेथ बेचते. कसम नहीं खाते.”

लाल टॅग बांधून आम्ही बाहेर पडलो. असे एकूण नऊ लेथ झाले. गणपती आले, गेले. घट बसायला आले. बद्रीनाथरावांची वही भरली. त्यात प्रत्येक लेथचं एक पान होतं आणि प्रत्येक पानाच्या तळाशी एकच शब्द. मी गाडीत एकदा सहज म्हटलं, की तुम्हाला लेथ घ्यायचाय की नापास करायचाय? ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनी वही मिटून पिशवीत घातली. मग म्हणाले, “घेतला तर चालवावा लागेल.”

बुद्धभूषण मागं बसले होते. त्यांनी ऐकलं. पण त्या दिवशी त्यांनी चेष्टा केली नाही, उलट म्हणाले, “चितेगावात कडुबाचं भंगाराचं शेड हाय. येकदा बघून घेऊ.”

कडुबा बंद पडलेल्या कारखान्यांचा माल उचलतो. पैठण रोडला आत वळलं की त्याचं पत्र्याचं शेड. आत जाळ्या, मोटारी, पंखे, खुर्च्या, आणि कोपऱ्यात एक तीन फुटी लेथ, हिरवा रंग उडालेला. बद्रीनाथरावांनी पिशवी उघडली. बुद्धभूषण मात्र जागेवरच थांबले. मग हळू जाऊन त्यांनी लेथच्या हॅन्डलवर हात ठेवला. त्या हॅन्डलची मूठ लाकडाची होती, बाभळीच्या लाकडाची, घासून काळी झालेली.

“ही मूठ मी केल्याली हाय,” ते म्हणाले.

कारखान्याच्या टूलरूममधला त्यांचाच लेथ होता तो. एकोणीस वर्षं त्यांनी त्यावर काम केलं होतं. बद्रीनाथरावांनी रंगाखालचा नंबर पुसून बघितला आणि मान हलवली. नंबर त्यांच्या ओळखीचा होता, जॉबबरोबर येणाऱ्या हजारो चिठ्ठ्यांवर वाचलेला. तरी डायल लावलाच. डायल बेडवरून सरकवत चकजवळ आणला, आणि काटा हलला. बेड म्हणजे ज्यावर टूल पुढं-मागं सरकतं ती पट्टी. ती चकजवळ झिजली होती.

“चार शतांश,” बद्रीनाथराव म्हणाले. “बुद्धभूषण, हे मशीन नापास आहे.”

“व्हय. पयल्यापासून नापासच होतं.”

“पहिल्यापासून म्हणजे?”

“मला दिलं तवाच घासलेलं होतं. तीनदा अर्ज केला. मशीन चालतंय तर बदलायचं कशाला, म्हणले.”

“मग जॉब मापात कसे येत होते?”

बुद्धभूषणांनी बाभळीची मूठ दोन बोटांत धरली. “चकजवळ आलं की जॉब जाड व्हायलाय, हे हाताला कळायचं. मग तिथं हॅन्डल एवढंसं आत घ्यायचं. एवढंसं. चिमटीत मीठ घ्यावं तसं.”

“रोज?”

“रोज. दर जॉबला. तुमच्या टेबलावर यायचं तवा सरळ यायचं.”

बद्रीनाथराव डायलकडं बघत राहिले. कडुबानं चहा सांगितला. मला वाटलं, आता पिशवीतून लाल टॅग निघणार. पिशवीत हात गेला खरा, पण तो रुमाल घेऊन बाहेर आला. त्यांनी डायल पुसून डबीत ठेवला.

“हाच घेऊ,” ते म्हणाले.

“साहेब, नापास हाय.”

“माहीत आहे.”

दसऱ्याला सोळा दिवस होते. टेम्पो आला. लेथ गेटातून आत जाईना, कारण गेट पूर्ण उघडत नव्हतं. शेवटी गेटच काढून आंब्याला टेकवलं. लेथ आत गेला. गेट तिथंच राहिलं, टॅगसकट. द्वारकाबाई म्हणाल्या, “आता तुमच्या त्या पिनीला काहीतरी काम तरी हाय. ती गेटालाच घाला.” पिन कशासाठी करायची हा प्रश्न तोवर कुणाला पडलाच नव्हता.

“गेटाला कुठं शतांश लागतंय वैनी,” बुद्धभूषण म्हणाले.

“मला लागतं,” बद्रीनाथराव म्हणाले.

पुढचे दोन आठवडे ते लेथवर उभे राहिले. बुद्धभूषण एक दिवसाआड येऊन मोटार, पट्टा बघून जात. चालवायचं कसं ते विचारलं तर सांगत, न विचारलं तर तुळशीजवळ बसून पेपर वाचत. बद्रीनाथराव विचारत नसत. त्यांनी अकरा पिना केल्या. पहिली वांग्याच्या आकाराची झाली. तिसरीनं टूल मोडलं. सातवी बरी दिसत होती, पण चकाकडं जाड होती. प्रत्येक पिन त्यांनी स्वतः मापली आणि स्वतःच तिला टॅग बांधला. द्वारकाबाईंनी लोखंड वाया घालवलं नाही. एक पिन पडद्याच्या खाली शिवली, दोन वाळवणाच्या कापडावर ठेवल्या, एकीनं लसूण ठेचायला लागल्या. लसणाला तीच सगळ्यांत चांगली आहे, असं त्या म्हणत. ती पिन पंधरा पॉइंट चार होती.

“अहो, जमतंय की हळूहळू,” मी म्हटलं.

“एका बाजूनं सोळा येतं,” ते म्हणाले. “दुसऱ्या बाजूनं येत नाही. ते जे चिमटीत घेतात म्हणे, ते किती घेतात, ते कुठंच लिहिलेलं नाही.” आणि बोटाच्या टोकावरचा चटका फुंकत राहिले.

खंडेनवमीला सकाळी दहा वाजता लेथ धुऊन-पुसून झाला होता. द्वारकाबाईंनी चकला झेंडूची माळ घातली. हळद-कुंकू लावलं. बुद्धभूषण धुतलेला पांढरा शर्ट घालून आले. त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि खिशातून तेलाची छोटी कुप्पी.

“पूजा तुमची. मी ऑइल घालतो. मी त्याला कायम तेवढंच केलंय, आन त्यानं कधी तक्रार केली नाय. पण साहेब, जरा लवकर. उद्या धम्मचक्र दिन, आमचं सगळं घर लेणीवर जाणार, आज मोनिका माहेरी आलीय. तिला म्हणलं दुपारी येतो.”

मोनिका म्हणजे त्यांची मुलगी. तिचं नाव निघालं तसे बद्रीनाथराव जरा खाली बघायला लागले. का, ते मला ठाऊक होतं, कारण आमच्या नऊ लेथांच्या प्रवासात बुद्धभूषणांनी ते एकदा, हसत हसत, सांगितलं होतं. मोनिका तिसरीत असताना तिचं गॅदरिंग होतं, शनिवारी संध्याकाळी. जॉब दोन शतांश कमी भरला. बुद्धभूषणांनी टेबलापुढं उभं राहून विचारलं, साहेब, तेवढं डेव्हिएशनवर घ्या, पोरीचा नाच आहे. साहेबांनी लाल टॅग बांधला. बुद्धभूषणांनी नवा जॉब केला. नाच झाला, तो त्यांनी नंतर घरी, स्वयंपाकघरात बघितला. मोनिकानं सगळा पुन्हा करून दाखवला होता.

माळ काढून ठेवली. बुद्धभूषणांना खुर्ची दिली, पुढं स्टूल, स्टुलावर मायक्रोमीटर, टॅग आणि पेन. सगळं बद्रीनाथरावांनी मांडलं, त्यांच्या टेबलावर असे तसंच. ग्रुपवर निकाल टाकायचं काम माझ्याकडं होतं, त्यासाठी मलाही ग्रुपात घेतलं होतं. फोन खिशात गुरगुरत होता.

मोटार सुरू झाली. सळई फिरायला लागली. पहिला काप, दुसरा काप. लोखंडाचे कुरळे निळे धागे खाली पडायला लागले. बुद्धभूषण डोळे मिटून बसले होते. मला वाटलं डुलकी लागली. ते ऐकत होते.

सोळा पॉइंट तीस. सोळा पॉइंट बारा. सोळा पॉइंट शून्य पाच. बद्रीनाथरावांचा शर्ट पाठीला चिकटला. आता एकच काप. त्यांनी हॅन्डल आत घेतलं, मग वाटलं जास्त झालं, म्हणून जरा मागं घेतलं. बुद्धभूषणांनी डोळे उघडले. तोंडही उघडलं, पण मग मिटलं. टूल सरकत चकाकडं गेलं. तिथं बद्रीनाथरावांनी श्वास धरला आणि चिमटीत मीठ घ्यावं तसं हॅन्डल आत दाबलं.

मोटार बंद झाली.

बुद्धभूषणांनी पिन फडक्यात घेतली, निवू दिली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. घाई आहे म्हणणाऱ्या माणसानं चष्मा इतका वेळ पुसलेला मी पाहिला नाही. एका टोकाला माप घेतलं, मध्ये घेतलं, दुसऱ्या टोकाला घेतलं. मग पुन्हा तिन्ही ठिकाणी.

“सरळ हाय,” ते म्हणाले. “या टोकापासून त्या टोकापर्यंत येक माप. घासलेल्या बेडवर. साहेब, हे मला जमायला दीड वर्ष लागलं होतं.”

बद्रीनाथरावांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळायला लागलं.

“माप किती?” त्यांनी विचारलं.

“पंधरा पॉइंट सत्त्याण्णव.”

कमीत कमी पंधरा पॉइंट नव्याण्णव हवं होतं. दोन शतांश कमी. जास्त असतं तर आणखी कापता आलं असतं. कापलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही.

“मागं घेतलं तवा हॅन्डलमधला ढिलेपणा ध्यानात घेतला नाय,” बुद्धभूषण हळूच म्हणाले. “सगळ्यांचंच व्हतं.”

द्वारकाबाई दारात उभ्या होत्या. “गेटात बसंल का?”

“गेटात बसंल वैनी. आपल्यानंतर पण टिकंल. गेटाला दोन शतांश कळत नाय.”

“मग द्या की इकडं.”

“थांब,” बद्रीनाथराव म्हणाले. “नियम आहे.”

त्यांनी स्टुलावरचा लाल टॅग स्वतःच उचलला. पेनाचं टोपण काढलं. पहिल्या रकान्यात लिहिलं, ‘ऑपरेटरची चूक’. अक्षर तेच, वळणदार, एकतीस वर्षांचं. दुसऱ्या रकान्यात ऑपरेटरचं नाव. तिथं पेन जरा अडलं, मग त्यांनी स्वतःचं नाव पूर्ण लिहिलं, वडिलांच्या नावासकट. मी फोन हातात घेतला. ग्रुपवर सतरा माणसं ‘काय झालं’ म्हणून विचारत होती.

तिसरा रकाना राहिला. सगळ्यांत खालचा. पेन त्याच्यावर आलं आणि थांबलं. बद्रीनाथरावांनी टॅग बुद्धभूषणांच्या पुढं ठेवला, त्याच्यावर पेन आडवं ठेवलं. मग ते दोन पावलं मागं सरकले, स्टुलापुढं सरळ उभे राहिले आणि त्यांनी हात पाठीमागं बांधले.

“साहेब,” ते बुद्धभूषणांना म्हणाले, “तेवढं डेव्हिएशनवर घेता का?”